बोटांखालचं वर्तुळ

अंधशाळेच्या तळमजल्यावर, अगदी शेवटच्या खोलीत बसणाऱ्या बाईंना सगळी शाळा आकृतीबाई म्हणायची. गणिताच्या पुस्तकातल्या आकृत्या बोटांना कळतील अशा करून द्यायच्या, हे त्यांचं काम. अकरा वर्षं त्या तेच करत होत्या. जाड कागद उलटा ठेवायचा, दातेरी चाक दाबून फिरवायचं, की पलीकडच्या बाजूला ठिपक्यांची रेघ उठते. वर्तुळाला दोरा आणि डिंक. कोपऱ्यांची अ, ब, क ही नावं ब्रेलमध्ये, टोच्याने. एका आकृतीला पाऊण तास लागायचा, तीही प्रत्येक मुलीसाठी वेगळी करावी लागायची, आणि दहावीच्या भूमितीत आकृत्या होत्या दोनशे चौदा. त्यामुळे निम्म्याअधिक कधी व्हायच्याच नाहीत. पुस्तकात ‘शेजारील आकृती पाहा’ असं आलं की गणिताचे सर ती तोंडी सांगून वेळ निभावून न्यायचे.

त्या वर्षी शाळेला एक यंत्र भेट मिळालं. खास कागदावर काळ्या शाईने छापायचं आणि कागद यंत्राच्या तोंडात सरकवायचा. आत तो तापतो आणि जिथे जिथे काळं असेल तिथे फुगून वर येतो. दहा सेकंदांत आकृती हातात.

“आता तुमचे हात सुटले,” मुख्याध्यापिका म्हणाल्या. “फक्त आकृत्या कॉम्प्युटरवर काढाव्या लागतील. त्यासाठी कुठलं सॉफ्टवेअर घ्यायचं ते तुम्हीच ठरवा. पंधरा दिवसांत नाव द्या, मी मंजुरी घेते.”

“मॅडम, मी पत्र टाइप करते तेवढाच माझा आणि कॉम्प्युटरचा संबंध. मी काय ठरवणार?”

“आकृत्यांमधलं तुमच्याइतकं इथे कुणाला कळतं?”

बाई खोलीत आल्या, बोटांवरचा वाळलेला डिंक खरवडून काढला आणि कॉम्प्युटरवर शोधायला बसल्या. नावं निघाली पन्नास-साठ. एकाबद्दल कुणीतरी लिहिलं होतं, नवशिक्यांसाठी ह्यासारखं दुसरं नाही. त्याच्याच खाली दुसऱ्याने लिहिलं होतं, नवशिक्यांनी ह्याच्या वाटेलाही जाऊ नये. एक फुकट होतं पण त्याला आणखी तीन गोष्टी जोडाव्या लागत होत्या, आणि त्या तीन गोष्टी म्हणजे काय हे सांगणारं पान उघडतच नव्हतं. तासाभराने त्यांना सुरुवातीला काय शोधत होतो तेही आठवेना. त्यांनी कॉम्प्युटर बंद केला आणि घरी गेल्या.

रविवारी घरी नणंद आणि दीर दोघंही आले होते, म्हणून बाईंनी विषय काढला. नणंद एका वास्तुविशारदाच्या ऑफिसात इमारतींचे नकाशे काढायच्या आणि दीर कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचे. दोघांनाही मत होतं. खरं तर दोघांनाही कुठल्याही विषयावर मत असायचं, फक्त एक कधी नसायचं.

“अगं, आमच्या ऑफिसात वापरतो तेच घे,” ताई म्हणाल्या. “त्यात आम्ही बावीस मजली इमारत काढतो. तुझं एक वर्तुळ काय घेऊन बसलीस.”

“ताई, इमारतीला ठीक आहे ते,” दीर म्हणाले. “गणिताला नाही. वहिनी, तुम्ही ते हलणारं घ्या. म्हणजे बघा, त्रिकोणाचा एक कोपरा धरून ओढला की त्याच्या मध्यगा, लंब, सगळं आपोआप सरकतं.”

“कागदावर कसं सरकणार, भाऊजी?”

“कागदावर नाही सरकणार. पण अचूक येतं. आणि खरं विचाराल तर सगळ्यात चांगलं तिसरंच आहे. त्यात काढायचंच नाही. लिहायचं.”

“काय लिहायचं?”

“आकृती.”

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. नवरा लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा आणि बहीण-भावाच्या वादात गेल्या चाळीस वर्षांत एकदाही पडला नव्हता. त्याने चहाचा कप उचलला आणि तो गॅलरीत जाऊन उभा राहिला.

संध्याकाळपर्यंत बाईंच्या कॉम्प्युटरवर तिन्ही सॉफ्टवेअर येऊन बसली होती. ताईंनी आपलं घालून दिलं, भाऊजींनी दोन घातली, आणि जाताना दोघांनीही जिन्यात वेगवेगळं गाठून, दुसऱ्याचं ऐकू नकोस म्हणून सांगितलं.

पुढचे चार दिवस बाईंनी तिन्हींत एकच आकृती काढून पाहायची ठरवली. वर्तुळ, त्याच्या बाहेर एक बिंदू, त्या बिंदूपासून वर्तुळाला दोन स्पर्शिका. शिवाय एक घन, कारण घनफळाचा धडा पुढच्याच महिन्यात होता.

ताईंच्या सॉफ्टवेअरमध्ये रेघा अशा सुरेख यायच्या की बाई दोन मिनिटं नुसत्या बघत राहिल्या. स्पर्शिका नेमकी टेकवायचं एक बटण ताईंनी दाखवलं होतं, पण ते पुन्हा काही सापडेना, म्हणून त्यांनी ती नजरेने लावली. अगदी बेमालूम बसली. भाऊजींच्या हलणाऱ्यात स्पर्शिका एका फटक्यात आली, पण बिंदू चांगले वाटाण्याएवढे, आणि नावं कुठे पडायची ह्यावर कुणाचा ताबा नव्हता. शिवाय त्यात ब्रेलची अक्षरं येईनात. शेवटी छापलेल्या कागदावर त्यांनी ती काळ्या पेनने ठिपका ठिपका देऊन काढली.

तिसरं म्हणजे डोक्याला ताप होता. समोर कोरं पान. त्यावर माउस फिरवून काही उपयोग नाही. ओळी लिहायच्या, मग बटण दाबायचं, मग ते सांगणार की सातव्या ओळीत चूक आहे. सातव्या ओळीत काहीच चूक नसायची. सहाव्या ओळीच्या शेवटी अर्धविराम राहिलेला असायचा. आठ वेळा चुकल्यावर वर्तुळ आलं, पण स्पर्शिका भलत्याच दिशेला गेल्या. बाईंनी ते बंद करून टाकलं आणि वहीत तिसऱ्याच्या नावावर काट मारली.

शुक्रवारी त्या पहिल्या दोन सॉफ्टवेअरच्या आकृत्या यंत्रातून फुगवून गणिताच्या सरांकडे घेऊन गेल्या. सर जन्मापासून अंध. पन्नाशीचे, बोलायला मोजके, चोवीस वर्षं त्याच शाळेत. त्यांची आकृती वाचायची एक रीत होती. डाव्या हाताचं बोट एका बिंदूवर रोवून ठेवायचं आणि उजव्याने फिरून यायचं.

त्यांनी आधी ताईंची आकृती घेतली. बोट वर्तुळावरून गेलं, बाहेरच्या बिंदूवर गेलं, तिथून स्पर्शिकेवरून परत वर्तुळाकडे आलं आणि थांबलं.

“ही स्पर्शिका आत शिरलीय.”

“कुठे?”

“इथे. वर्तुळाला दोन जागी छेदते. केसभर आहे, पण आत शिरलीय.”

बाईंनी कागद डोळ्यांजवळ नेला. त्यांना काही दिसेना. मग कागद उजेडात तिरका धरला, तेव्हा वर्तुळाच्या कडेशी सुईच्या टोकाएवढी एक फट दिसली. अकरा वर्षं आपण डोळसपणे हे काम करतो आहोत असं त्यांना वाटत होतं.

“आणि ही अक्षरं,” सर म्हणाले. “ब आहे की क? ठिपके फार जवळ आलेत.”

“आकृती कागदावर मावेना, म्हणून सगळंच थोडं लहान केलं.”

“ब्रेल लहान होत नाही, बाई. बोट लहान होत नाही ना.”

दुसरी आकृती त्यांना त्याहून नको झाली. ते वाटाण्याएवढे बिंदू फुगून रेघांना चिकटले होते आणि पेनने काढलेले ठिपके त्यांतच मिसळून गेले होते. सर म्हणाले, मध्येच कुणीतरी भात सांडल्यासारखं वाटतंय. बाईंनी दोन्ही कागद मागे घेतले आणि उरलेला पुढे केला. “हा तरी बघा. हा ताईंच्यातला. फार छान आलाय.”

सरांनी तो बराच वेळ पाहिला. दोनदा पहिल्यापासून सुरुवात केली. “काय आहे हे?”

“घन आहे, सर.”

“असं होय.” त्यांनी कागद टेबलावर ठेवला.

“चुकलाय का?”

“चुकला नसावा. नेहमी असाच असतो. एक चौकोन, त्यावर तिरका सरकलेला दुसरा चौकोन, आणि चार रेघा. लहानपणापासून मला पाठ आहे की असं हाताला लागलं म्हणजे घन म्हणायचं.” त्यांनी खडूचा चौकोनी खोका उचलला आणि बाईंच्या हातात दिला. “घन हा आहे. ह्याला सहा बाजू आणि सहाही सारख्या. तुमच्या कागदावर दोन चौकोन आणि चार वाकडे तुकडे आहेत. ह्याचा आणि त्याचा काय संबंध, ते मला अजून समजलेलं नाही.”

“पण मी अकरा वर्षं घन काढून देतेय. तुम्ही कधी बोलला नाहीत.”

“तुम्ही फार मन लावून करायचात. आणि मुली पाठ करतात. परीक्षेपुरतं चालून जातं.”

बाई खाली आल्या आणि खोलीचं दार लावून बसल्या. कपाटातून स्वतःच केलेल्या जुन्या आकृत्या काढल्या, डोळे मिटले आणि बोट फिरवायला लागल्या. त्रिकोण कळला, कारण तो त्रिकोण आहे हे त्यांना आधीच माहीत होतं. पुढचा कागद न पाहता घेतला आणि त्यांना रेघांचं नुसतं रान लागलं. कुठली रेघ कुठून आली, कुठे गेली, काही पत्ता लागेना. डोळे उघडले तर तो समांतरभुज चौकोन निघाला, कर्णासकट, आणि वर कोपऱ्यात त्यांनी स्वतःच त्याला ‘उत्तम’ असा शेरा दिलेला.

मग सुरेख म्हणजे काय, अचूक म्हणजे काय, सोपं म्हणजे काय, हे सगळंच त्यांच्या मनात गोल गोल फिरायला लागलं. वहीत त्यांनी तीन सॉफ्टवेअरचा तक्ता आखला होता: दिसायला कसं, शिकायला कसं, वेळ किती. पहिल्या रकान्यावर त्यांनी रेघ मारली. मग दुसऱ्याचंही काही खरं वाटेना. त्या रात्री जेवताना नवऱ्याने विचारलं, “ठरलं का?” तर त्या म्हणाल्या, “आकृती म्हणजे काय तेच ठरत नाहीये.” नवऱ्याने जास्त चौकशी केली नाही.

सोमवारी मुख्याध्यापिकांनी व्हरांड्यात गाठून आठवण केली. बुधवारपर्यंत नाव हवं होतं. बाई पुन्हा सरांकडे गेल्या.

“सर, तुम्हीच सांगा. तीन पाहिली मी. पहिलं आत शिरतं, दुसरं भात सांडतं.”

“आणि तिसरं?”

“ते सोडा. ते आपल्या कामाचंच नाही. त्यात आकृती दिसतसुद्धा नाही काढताना. नुसत्या ओळी.”

“कसल्या ओळी?”

किती विचित्र प्रकार आहे हे त्यांना कळावं म्हणून बाईंनी वही उघडली आणि त्या आदेशांचा आपण उतरवून घेतलेला अर्थ वाचून दाखवला. “अ हा बिंदू, शून्य, शून्य. प हा बिंदू, सात, शून्य. वर्तुळ काढ, केंद्र अ, त्रिज्या तीन. प पासून वर्तुळाला स्पर्शिका काढ, स्पर्शबिंदूंना क आणि ड म्हण. अ क जोड. अ ड जोड. संपलं. आता ह्याला काय आकृती म्हणायचं?”

टेबलावर सरांचं डावं बोट एका जागी टेकलं होतं आणि उजवं बोट लाकडावरून हळू चाललं होतं.

“परत वाचा.”

बाईंनी परत वाचलं.

“अ पासून प सात. त्रिज्या तीन. म्हणजे स्पर्शिका झाली चाळीसचं वर्गमूळ, सहा आणि वर थोडं,” सर म्हणाले. “बाई, ही आकृतीच आहे.”

“नाही हो, सर. हे आकृती व्हायच्या आधीचं आहे.”

“तुमच्यासाठी आधीचं.”

ह्याचा अर्थ काय घ्यावा ते बाईंना उमजेना. एवढ्यात सर खुर्ची सरकवून उठले आणि आपल्या बोलणाऱ्या कॉम्प्युटरपाशी गेले. त्या कॉम्प्युटरवर जे लिहिलं जाईल ते तो मोठ्याने वाचून दाखवायचा, म्हणून सर त्यावर प्रश्नपत्रिका वगैरे स्वतःच टाइप करत. “हे ह्यात घालता येईल का? ओळी असतील तर हा वाचेल. माउस मात्र माझ्या काही कामाचा नाही, तो कुठे जातो मला कळत नाही.”

दुपारी बाईंनी दिरांना फोन लावून, त्यांच्या सूचनांप्रमाणे ते सॉफ्टवेअर सरांच्या कॉम्प्युटरवर घातलं. दिरांनी विचारलं, “कुणासाठी?” बाई म्हणाल्या, “गणिताच्या सरांसाठी.” “पण वहिनी, त्यांना तर...” “हो ना. मलाही तेच काही कळत नाहीये,” बाई म्हणाल्या.

सरांनाही अर्धविरामाने छळलं. कॉम्प्युटर आपल्या सपाट आवाजात सांगायचा, अकराव्या ओळीत चूक. सर दहाव्या ओळीवर जायचे. दोन दिवस शाळा सुटल्यावर दोघं तिथे बसली. बाई पडद्याकडे बघायच्या, सर ऐकायचे. मंगळवारी संध्याकाळी सरांनी लिहिलेलं पहिलं पान छापून, फुगवून आलं. वर्तुळ आणि दोन स्पर्शिका. स्पर्शिका टेकली होती, शिरली नव्हती. क हे अक्षर मात्र बरोबर रेघेवर जाऊन बसलं होतं.

“अक्षर रेघेवर आलंय, सर.”

“हे मला लिहिताना कळत नाही. कुठे सरकवू?”

“जरा वर. डावीकडे बोटभर.”

“बोटभर म्हणजे किती? आकड्यात सांगा.”

बाईंनी पट्टी लावून आकडा सांगितला. सरांनी तो लिहिला. दुसरा कागद छापला, तेव्हा अक्षर मोकळं झालं होतं. सरांनी त्यावरून दोनदा बोट फिरवलं. आयुष्यात त्यांनी हजारभर आकृत्या वाचल्या असतील, पण स्वतः काढलेली ही पहिली. ते कागदाची घडी घालायला गेले, मग फुगलेली रेघ मोडेल म्हणून तशीच सपाट फाइलमध्ये ठेवली.

मग त्यांनी घन लिहायला घेतला. एका ओळीत चार चौकोन, मधल्या एकाच्या वर एक, खाली एक. बाई म्हणाल्या, “हा तर उलगडलेला खोका झाला.” सर म्हणाले, “हो. सहा बाजू, सहाही सारख्या. ज्याला हवा त्याने दुमडून घ्यावा.” बाईंना वाटलं हा घन नाही. मग वाटलं, कागदावर तिरका काढलेला तरी कुठे घन आहे. त्या विचारात त्यांनी दोन कागद वाया घालवले.

बुधवारी त्यांनी मंजुरीच्या फॉर्मवर तिसऱ्या सॉफ्टवेअरचं नाव लिहिलं. खाली ‘निवडीचे कारण’ असा रकाना होता. तिथे त्यांनी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं आणि शेवटी एकच वाक्य ठेवलं: गणिताच्या सरांना ह्यात आकृती काढता येते.

मुख्याध्यापिकांनी ते वाचून चष्मा वर केला. “सर काढणार? मग तुम्ही काय करणार?”

“ते मलाही अजून नीट कळलेलं नाही, मॅडम.”

“शिकायला सोपं आहे?”

“नाही. तिन्हींत सगळ्यात अवघड.”

“दिसायला चांगलं आहे?”

“ते मी आता सांगू शकत नाही.”

मुख्याध्यापिकांनी पेनाचं टोपण काढलं. “पण तुमची खात्री आहे?”

“निवडायची खात्री आहे. बाकी कशाची नाही.”

त्यांनी सही केली.

ताईंना वाईट वाटलं. फोनवर त्या म्हणाल्या, “म्हणजे धाकट्याचंच ऐकलंस शेवटी.” दिरांना मात्र इतका आनंद झाला की ते सगळ्यांना सांगत सुटले. बाईंनी त्यांना दोनदा समजावून पाहिलं की भाऊजी, तुम्ही ज्यासाठी सांगितलं होतंत त्यासाठी नाही घेतलं. त्यांनी ते कानावरून जाऊ दिलं.

दीड महिन्यात सत्तर आकृत्या झाल्या. सर ओळी लिहायचे, बाई छापून नावं-रेघा तपासायच्या आणि आकडे सांगायच्या. काही ओळी आता बाईही लिहायला लागल्या होत्या. कधी कधी सर त्यांना वाचून दाखवायला सांगायचे आणि वाचता वाचताच बाईंच्या ध्यानात यायचं की रेघ चुकीच्या दिशेला जाणार आहे, अजून पडद्यावर काही आलेलं नसताना.

घनफळाच्या धड्यानंतर दहावीची चाचणी झाली. वर्गात सात मुली. प्रश्नपत्रिकेला तेरा आकृत्यांचे कागद जोडले होते. अर्ध्या तासाने कडेला बसलेल्या मुलीने हात वर केला.

“सर, पाचव्या प्रश्नात ब ला काटकोन आहे असं दिलंय. पण माझ्या आकृतीत ब चा कोन अरुंद आहे. काटकोन क ला लागतोय.”

सरांनी तिचा कागद मागून घेतला आणि बोट फिरवलं. “बरोबर. बाई, ब आणि क ची अदलाबदल झालीय. माझीच ओळ चुकली असणार.”

वर्गावर लक्ष ठेवायला उभ्या असलेल्या बाई म्हणाल्या, “नाही, सर, अक्षरं मी सरकवली होती. माझ्याकडून झालं.”

“बिंदूंची नावं मी बदलली होती नंतर.”

“मग मी छापताना तपासली नाहीत.”

मुली लिहायच्या थांबून ऐकत होत्या. एक हळूच हसली. सरांनी सगळ्यांना पाचवा प्रश्न शेवटी सोडवायला सांगितलं. बाई घाईने खाली गेल्या आणि फाइल उघडली. त्यांच्या ओळी आणि सरांच्या ओळी एकमेकींत इतक्या मिसळल्या होत्या की कुठली कुणाची, ते त्यांना सांगता येईना. त्या दोनदा वरपासून खालपर्यंत वाचत गेल्या. मग तो नाद सोडला, ब च्या जागी क आणि क च्या जागी ब लिहिला आणि कागद छापून यंत्रात सरकवायला सुरुवात केली.

सात कागद झाले. गरम होते, म्हणून पदरात धरून त्या ते घेऊन वर गेल्या.